तक्रार म्हणजे भांडण नव्हे

'तक्रार' हा शब्द तुम्हांला उर्दूतूनच ओळखीचा आहे. उर्दूत तक्रार म्हणजे वाद, भांडण. मराठीत मात्र तक्रार म्हणजे शिकायत, गाऱ्हाणे. शब्द एकच, पण अर्थात केवढा फरक! गंमत अशी, की अनेक दुकानदारांना आणि कंपन्यांना हा फरक उमगत नाही. ग्राहक गाऱ्हाणे सांगायला येतो आणि त्यांना वाटते, हा भांडायलाच आला!

समजा, तुमच्या मोहल्ल्यात एक बेकरी आहे. एके दिवशी एक ग्राहक मोबाइलवर लिहितो, "नानखटाई शिळी होती. विचारले तर मालक अंगावर ओरडले." पूर्वी असे गाऱ्हाणे चार घरांत फिरून विरून जात असे. आता ते शेकडो लोक वाचतात आणि शितावरून भाताची परीक्षा करतात. मालकाच्या पोटात गोळा येतो. त्या बेकरीवर त्याचे घर चालते, कारागिरांची घरे चालतात. त्याला राग येणे स्वाभाविक आहे. पण रागाच्या भरात तो जे करील, त्यावरच पुढचे सारे अवलंबून असते.

एका मोठ्या कंपनीने अशा वेळी काय केले, ते पाहा. डेव्ह कॅरोल हे कॅनडातील गायक. २००८ साली ते अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सच्या विमानाने प्रवास करत होते. शिकागोच्या विमानतळावर सामान हाताळणारे कर्मचारी गिटारी फेकत असल्याचे सहप्रवाशांनी पाहिले. कॅरोल यांची महागडी गिटार मोडली. दुरुस्तीला सुमारे १२०० डॉलर खर्च आला. त्यांनी भरपाई मागितली. एका कचेरीने दुसरीकडे बोट दाखवले, दुसरीने तिसरीकडे. असे सुमारे नऊ महिने गेले. शेवटी उत्तर मिळाले, "तुम्ही चोवीस तासांच्या आत तक्रार केली नाही, म्हणून भरपाई मिळणार नाही."

कॅरोल यांनी भांडण केले नाही. त्यांनी एक विनोदी गाणे रचले आणि जुलै २००९ मध्ये ते इंटरनेटवर ठेवले. काही दिवसांतच लाखो लोकांनी ते पाहिले. जगभर कंपनीचे हसे झाले. मग कंपनी खडबडून जागी झाली. तिने भरपाई देऊ केली, आपल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात हे गाणे वापरू असे सांगितले. पण वेळ निघून गेली होती. बाराशे डॉलर वाचवायला जाऊन कंपनीने आपली अब्रू गमावली.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण याहून वेगळे आहे. २००३ साली मुंबईत कॅडबरी कंपनीच्या काही चॉकलेटांत अळ्या सापडल्या. त्या वेळी मोबाइलवर मत लिहिण्याची सोय नव्हती, तरी वर्तमानपत्रांतून आणि दूरदर्शन संचांवरून बातमी घरोघर पोचली. "दोष कारखान्याचा नाही, दुकानांतील साठवणुकीचा आहे," असे कंपनीने आधी सांगितले. पण नाचता येईना अंगण वाकडे, असेच लोकांना वाटले. कंपनी तेवढ्यावर थांबली नाही, हे महत्त्वाचे. तिने दुकानदारांना चॉकलेट कसे साठवावे ते समजावून दिले. २००४ च्या सुरुवातीला अधिक घट्ट बंद होणारे नवे वेष्टन आणले. दोष कोणाचा, या वादापेक्षा तो पुन्हा घडू नये, याची काळजी तिने घेतली. हळूहळू लोकांचा विश्वास परत आला.

म्हणून माझे मत असे, की टीका झाली म्हणजे व्यावसायिकाने आधी शांतपणे ती नीट वाचावी. चूक असेल तर सर्वांसमोर माफी मागावी, कारण तक्रारही सर्वांसमोरच झालेली असते. मग चूक सुधारावी. माफी मागितली आणि शिळा माल तसाच विकला, तर त्या माफीला काय किंमत?

कोणी म्हणेल, "सगळेच टीकाकार खरे बोलतात का?" नाही. कोणी मत्सराने लिहितो, कोणी गंमत म्हणून लिहितो. अशा वेळीही शिवीला शिवीने उत्तर देऊ नये. खरी हकिकत सभ्य शब्दांत मांडावी. वाचणारे लोक दोन्ही बाजू पाहतात आणि कोण खरा ते ओळखतात. पण टीका झाकण्यासाठी मित्रांकडून आणि नातेवाइकांकडून खोटी स्तुती लिहून घेणे ही सरळ फसवणूक आहे. अशा खोट्या अभिप्रायांना आळा बसावा, म्हणून भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली एक मानक तयार केले.

ही जबाबदारी एकट्या दुकानदाराची नाही. फसवणूक झाली तर दाद मागण्याचा हक्क ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्याला दिला आहे. १९८६ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला, तरी हा हक्क कायम आहे. पण हक्काबरोबर कर्तव्यही येते. जे घडले तेवढेच लिहावे, तिखटमीठ लावू नये. आपल्या दोन ओळींनी कोणाची तरी रोजीरोटी जाऊ शकते, हे विसरू नये.

आता पुन्हा त्या बेकरीकडे वळू. मालकाने मोबाइल हाती घेतला आणि लिहिले, "भाऊ, चूक झाली. त्या दिवशी कालचा माल ताज्या मालात मिसळला गेला. मी रागावलो, त्याचीही माफी मागतो. आता शिळा माल आम्ही वेगळा ठेवतो. उद्या या, ताजी नानखटाई खाऊन पाहा."

हे वाचून तो ग्राहक परत येईल की नाही, कोण जाणे! पण ते वाचणाऱ्या शेकडो लोकांना एवढे नक्की कळेल, की या दुकानात आपले गाऱ्हाणे ऐकून घेणारा माणूस बसला आहे. तुम्ही असता, तर कोणत्या दुकानात गेला असता?