सुटींतलीं पुस्तकें

उन्हाळ्याच्या सुटींत कोंकणांतल्या घरीं जावयाचें ठरलें, कीं आमच्याकडे कपड्यांहून पुस्तकांवरूनच अधिक वाद होतो. गेल्या वर्षीं आम्ही सात जाडे ग्रंथ हौसेनें नेले. त्यांतला एकही संपला नाहीं. पण खरी चूक निराळीच होती. आमच्या मातोश्रींस आतां अक्षर दिसत नाहीं. आम्ही सारे ओटीवर आपापल्या पुस्तकांत डोकें घालून बसत असूं, आणि त्या झोंपाळ्यावर मुकाट बसून असत. हें आमच्या ध्यानांत आलें तें परतीच्या वाटेवर!

म्हणून यंदां मोठ्यानें वाचण्याजोगीं दोनच पुस्तकें घेतलीं आहेत: लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ आणि गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’. वरसईचे हे भटजी द्रव्यार्जनासाठीं उत्तरेस गेले आणि १८५७ च्या धामधुमींत सांपडले. ती हकीकत १९०७ सालीं छापून निघाली. झांशीचा वेढा त्यांनीं आंतून पाहिलेला. तो भाग मुलांसमोर वगळावा, असें वहिनींचें म्हणणें. आम्हांस तें मान्य नाहीं.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर पाळीपाळीनें वाचावयाचें. पहिली पाळी मातोश्रींनीं धाकट्या नातीस दिली आहे. जोडाक्षरांपाशीं ती अजून अडखळते, हें त्यांस ठाऊक आहे.