विज्ञानकथेचा आवाज कोणाचा?

बेंगळुरू : ‘जग’ हा शब्द मराठीत एकाच रीतीने लिहिला जातो, उच्चार मात्र दोन होतात. विश्व या अर्थी त्यातला ‘ज’ तालव्य असतो. ‘जगणे’ या क्रियापदाच्या आज्ञार्थात तोच दंततालव्य होतो. ‘जरा’ म्हणजे थोडेसे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य, यांचीही तीच गत. देवनागरी लिपी हा भेद दाखवत नाही. मराठी वाचक तो अर्थावरून ओळखतो, यंत्राला मात्र शिकवावा लागतो. तशा शिकवणीसाठी लागणारी सामग्री जिथे तयार झाली, ती जागा महाराष्ट्रात नाही. ती बेंगळुरूत, मल्लेश्वरमलगत आहे.

भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘सिस्पिन’ प्रकल्पात नऊ भारतीय भाषांसाठी कृत्रिम वाणीचा पाया घालण्यात आला. हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, भोजपुरी, मैथिली, मगही, छत्तीसगढी आणि मराठी या त्या भाषा. प्रत्येक भाषेत एका स्त्रीचा आणि एका पुरुषाचा आवाज दीर्घकाळ ध्वनिमुद्रित करण्यात आला. 2023 मध्ये ‘आयकॅस्प’ या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या निमित्ताने झालेल्या स्पर्धेसाठी निवडलेल्या तीन भाषांत मराठी होती. शेती व अर्थव्यवहाराची माहिती लोकांना त्यांच्या भाषेत ऐकता यावी, हा या खटाटोपाचा हेतू. तो रास्तच आहे. पण पीकविम्याची सूचना वाचून दाखवू शकणारे तंत्र उद्या कादंबरी वाचायला बसणार, हे उघड होते.

मल्लेश्वरमला मराठी माणूस अगदीच परका नाही. येथील काडू मल्लेश्वर मंदिराशी सतराव्या शतकातील व्यंकोजी राजांचे नाव जोडले जाते. तबला आणि मृदंग यांच्या नादात सुसंवादी स्वर कसे उमटतात, याचा वैज्ञानिक शोध घेणारे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे ‘पंचवटी’ हे घरही याच वस्तीत आहे. नादाचे गणित मांडण्याची परंपरा येथे जुनी आहे.

आज येथे प्रश्न आहे तो कलेचा आणि रोजीरोटीचा. श्राव्य पुस्तकांचा व्यवसाय भारतात गेल्या दशकाच्या उत्तरार्धात रुजला. स्टोरीटेल 2017 मध्ये, तर ऑडिबल 2018 मध्ये येथे आले. प्रतिलिपी आणि पॉकेट एफएम या कंपन्यांचा कारभार बेंगळुरूतूनच चालतो. स्वीडिश लेखक डॅनियल ओबेर्ग यांची स्टॉकहोममध्ये घडणारी महासाथीची श्राव्य मालिका पुण्याच्या पार्श्वभूमीवर मराठीत आली, तीही याच लाटेत. पुढे 2024 मध्ये पॉकेट एफएमने कृत्रिम आवाज तयार करणाऱ्या इलेव्हनलॅब्ज या कंपनीशी सहकार्य जाहीर केले. 2025 मध्ये ऑडिबलने प्रकाशकांसाठी यंत्रवाचनाची सोय खुली केली. या सोयीच्या पहिल्या भाषा इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच आणि इटालियन होत्या. त्यांत मराठी नाही, हा दिलासा किती काळ टिकेल याची खात्री कोणी देऊ शकणार नाही.

विज्ञानकथेत वाचकाच्या आवाजाची कसोटी अधिक कठीण असते. सामाजिक कादंबरीतला वाडा श्रोत्याने पाहिलेला असतो. कृष्णविवराची कड कोणीच पाहिलेली नाही. तिथे श्रोत्याला विश्वास वाटतो तो सांगणाऱ्याच्या स्वरावर. 30 ऑक्टोबर 1938 रोजी ऑर्सन वेल्स यांनी अमेरिकी नभोवाणीवर मंगळवासीयांच्या स्वारीचे नाट्य सादर केले, तेव्हा काही श्रोते खरोखरच घाबरले. कारण ते नाट्य बातमीदाराच्या सुरात सांगितले गेले होते. 1978 मध्ये बीबीसीवर सुरू झालेल्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ या मालिकेतला खिन्न यंत्रमानव लोकांच्या लक्षात राहिला, तो एका नटाच्या कंटाळलेल्या आवाजामुळे. यंत्राचे सोंग माणसाने वठवले होते. आता यंत्र माणसाचे सोंग घेऊ लागले आहे, आणि सपाट, चुकीच्या जागी थांबणारे वाचन ऐकणाऱ्याला ते अजून कळते. ‘अजून’ हा शब्द येथे महत्त्वाचा.

कायदा या बाबतीत अर्ध्या वाटेवर आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने सादरकर्त्यांचे हक्क बळकट झाले; व्यावसायिक वापरासाठी मानधनाच्या हक्काची तरतूद आली. पण हे संरक्षण सादरीकरणाला आहे. कोणी त्या आवाजाची धाटणी उचलून त्यातून कधीच न वाचलेले पुस्तक ‘वाचून’ घेतले, तर ते सादरीकरण कोणाचे, याचे थेट उत्तर कायद्यात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये गायक अरिजित सिंग यांना, तर सप्टेंबर 2025 मध्ये आशा भोसले यांना आवाजाच्या कृत्रिम नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. दोन्ही आदेशांचा आधार व्यक्तिमत्त्व हक्क हा होता, आणि त्या हक्काला प्रसिद्धीचे बळ लागते. श्राव्य पुस्तके वाचणाऱ्या बहुतेक कलावंतांचा आवाज हजारो कानांना परिचित असतो, नाव मात्र नसते. त्यांनी कोणत्या प्रसिद्धीच्या जोरावर दाद मागायची?

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात नावाचाच एक किस्सा आहे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती कथा जयंत विष्णु नारळीकर यांची होती. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये, म्हणून त्यांनी आपण होऊन नाव लपवले. निकालानंतर ते परत घेण्याची मुभाही त्यांच्याकडे होती.

आवाज देणाऱ्याला ती मुभा करारात लिहून घ्यावी लागेल. ध्वनिमुद्रण एका पुस्तकापुरते आहे की यंत्राच्या प्रशिक्षणासाठीही, नक्कल झाल्यास मोबदला किती, संमती मागे घेता येईल का, ही कलमे भारतीय प्रकाशन व्यवहारात अद्याप रूढ नाहीत. पैसे सामान्यतः एकरकमी मिळतात आणि कागदावर सही ध्वनिमुद्रणाच्या आधी होते.