सायकल भत्ता बोदवडलाही हवा

सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारी नोकरांच्या भत्त्यांची छाननी केली, तेव्हा बंद करायच्या यादीत एक जुना, किरकोळ भत्ताही होता: महिना ९० रुपयांचा सायकल भत्ता. सरकारने मात्र ही शिफारस मानली नाही. जुलै २०१७ पासून टपाल खात्यातले पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांच्यासाठी तो कायम राहिला आणि दुप्पट होऊन १८० रुपये झाला. बावीस हजारांवर कर्मचाऱ्यांना त्याचा लाभ होणार होता.

रक्कम लहान, पण तिच्यामागचं तत्त्व मोलाचं आहे. कामासाठी जो पायडल मारतो, त्याच्या टायर-ट्यूबची थोडी जबाबदारी काम देणाऱ्यानेही घ्यावी. हेच तत्त्व घरून कामावर येण्या-जाण्यालाही लागू करायला हवं, आणि त्याची सुरुवात बोदवडसारख्या गावातून सहज होऊ शकते.

भुसावळ-अकोला लोहमार्गावरचं हे तालुक्याचं गाव. कापसाच्या हंगामात जिनिंगवर, बाजार समितीत, दुकानांत, पतपेढ्यांत, शाळांत रोज माणसं कामाला येतात. बरीचशी गावातलीच, बाकीची साळशिंगी, मनूर, नाडगाव अशा जवळच्या खेड्यांतली. मुंबई-पुण्यात कामावर जायला तास-दीड तास मोडतो. बोदवडात या टोकाहून त्या टोकाला सायकलने जायला पाव तास पुरतो. तरी दोन गल्ल्यांपलीकडे जायलाही किक मारली जाते.

हिशेब मांडून बघावा. घर ते काम पाच किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन दिवसाला दहा, पंचवीस दिवसांचे अडीचशे. शंभर सीसीची गाडी लिटरला पन्नास किलोमीटर देते असं धरलं, तर पाच लिटर पेट्रोल लागतं. लिटरला १०५ रुपये धरले तरी महिन्याचे सव्वापाचशे आणि वर्षाचे सहा हजार तीनशे होतात. एवढ्यात साधी नवी सायकल येते. ऑइल, सर्व्हिसिंग, पीयूसी हे वेगळं. याच वर्गातल्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा २०२२ पासून वर्षाला ७१४ रुपये आहे.

पण खरी बचत पेट्रोलमध्ये नाही, हप्त्यात आहे. घरात एक मोटरसायकल असते, मुलगा कामाला लागतो आणि दुसरी दारात येते. ८० हजारांचं कर्ज अकरा टक्क्यांनी तीन वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सव्वीसशेच्या घरात जातो. दहा-बारा हजार पगाराच्या घरात हा आकडा किराण्याशी भांडतो. दुसरी गाडी घेतलीच नाही, तर ते पैसे घरात राहतात. पहिली गाडी आजारपणाला, लग्नकार्याला, भुसावळ-जळगावच्या फेरीला असतेच. सायकलने मोटरसायकल घरातून काढावी असा आग्रह नाही. दुसरी येऊ देऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

आडवी येते ती प्रतिष्ठा. कर्ता माणूस सायकलवर दिसला की त्याचे दिवस फिरले, असं गाव समजतं. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या ४५ घरांत सायकल होती, महाराष्ट्रात मात्र जेमतेम ३० घरांत. त्यातही आपल्याकडे ती शाळेपुरती. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. ही फार चांगली योजना आहे. पण बारावी झाल्यावर ती सायकल भिंतीला टेकून गंजू नये. तीच मुलगी कॉलेजला, कामाला तिच्यावरून गेली, तर सरकारचा रुपया आणखी दहा वर्षं फिरेल.

सायकलस्वाराचा फायदा त्याच्या एकट्याच्या खिशात थांबत नाही. टेरी या संस्थेने २०१८ च्या अभ्यासात देशात सायकलचा वापर वाढला तर होऊ शकणारा वार्षिक लाभ १.८ लाख कोटी रुपये, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १.६ टक्के काढला. त्यात इंधन आणि आरोग्य आहे, स्वच्छ हवा आहे, वाचलेला वेळही आहे. लाभ सगळ्यांचा असेल तर खर्चातही सगळ्यांचा हात हवा. बेल्जियममध्ये मे २०२३ पासून खासगी मालकांना सायकलने येणाऱ्या कामगाराला किलोमीटरमागे भत्ता देणं बंधनकारक झालं. सुरुवातीचा दर २७ सेंट होता. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पण त्याच दिवशी ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींचा करही २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला. रुपयांत पाहिलं तर मोठी सवलत मोटरसायकललाच मिळाली.

अडचणी खऱ्या आहेत. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. भर दुपारी कुणाला सायकल चालवायला सांगणं हा अन्याय आहे. म्हणूनच वैशाखात कामाची वेळ सकाळची करता येईल तिथे करावी. शाळा सकाळच्या होतात, तशीच दुकानं-कचेऱ्याही काही अंशी होऊ शकतात. मलकापूर आणि मुक्ताईनगरकडच्या रस्त्यांवर ट्रक अंगावर येतात. तिथे डांबराची कड सपाट आणि खड्ड्यांविना ठेवली, झुडपं छाटली, तरी निम्मी भीती जाईल. त्याला निधी लागतो, पण फार मोठा नाही.

यंदाचा कापूस हंगाम सुरू होईल तेव्हा बोदवडच्या जिनिंगवाल्यांनी, पतपेढ्यांनी आणि संस्थाचालकांनी सायकलने येणाऱ्या प्रत्येकाला महिन्याला २०० रुपये भत्ता सुरू करावा. वीस माणसांचे चार हजार होतात. चालत्या धंद्याला ते जड नाहीत. नगरपंचायतीने बाजार समिती, बसस्टँड आणि तहसील कचेरीपाशी पत्र्याच्या छपराचे, साखळी अडकवता येईल असे सायकल स्टँड उभारावेत. आणि घरात दुसऱ्या गाडीचं डाउन पेमेंट भरायची तयारी चालली असेल, तर आधी महिनाभर सायकलने कामावर जाऊन बघावं, मगच शोरूमची पायरी चढावी.