मशीन घेण्याआधी बिलावरचा मंजूर भार वाचा

आज थोडी माझीच चूक सांगतो.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंना मिरची-मसाला कांडप सुरू करायचं होतं. प्रोजेक्ट रिपोर्ट मीच करून दिला. मशीनचं कोटेशन, कच्चा माल, मजुरी, नफा, हप्ता, सगळं व्यवस्थित. लोन झालं, ५ एचपीची मशीन आली, शटरवर बोर्ड लागला. मग वायरमन आला आणि म्हणाला, मशीन थ्री फेजची आहे, गाळ्यात सिंगल फेज आहे आणि बिलावर मंजूर भार १ किलोवॅट. आता ५ एचपी म्हणजे ५ गुणिले ७४६ वॅट, जवळपास पावणेचार किलोवॅट. नवीन अर्ज, डिपॉझिट, मीटर, आतली वायरिंग हे सगळं होईपर्यंत मे संपला. कांडपाचा खरा धंदा उन्हाळ्यातच असतो, हे बीडच्या माणसाला सांगायला नको. सीझन गेला, हप्ता मात्र दर महिन्याला येत राहिला.

माझ्या रिपोर्टमध्ये विजेचं बिल धरलेलं होतं. लोडची ओळच नव्हती.

लाजिरवाणी गोष्ट अशी की हे गणित मला आधीच माहीत होतं, आणि ते मी एका व्हिडिओ गेममध्ये शिकलो होतो. हसू नका. ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड नावाचा गेम आहे, कॅनडातल्या क्ले एंटरटेनमेंट या कंपनीचा, २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. एका लघुग्रहाच्या पोटात थोडी माणसं अडकलेली असतात. त्यांच्यासाठी हवा, पाणी, जेवण, वीज सगळं तुम्हीच उभं करायचं. रात्री दुकान बंद करून मी खेळायचो.

त्यात साधी वायर १००० वॅट पेलते. कोळशाचा एक जनरेटर ६०० वॅट देतो. मी तीन जनरेटर लावले, म्हणजे १८०० वॅट. बॅटऱ्या फुल. मग धातू गाळायची रिफायनरी जोडली, ती एकटीच १२०० वॅट खाते. काही सेकंदांत वायर तुटली. मला वाटलं वीज कमी पडतेय, म्हणून चौथा जनरेटर लावला. वायर परत तुटली. वीज भरपूर होती हो! रस्ता अरुंद होता. आणि लाईनचा अर्धा भाग भारी वायरने बदलला तरी उपयोग नाही, कारण जिथे साधी वायर राहिली असेल तिथेच ती जळते. शेवटी जनरेटरपासून २०,००० वॅटची जाड वायर काढली (दिसायला इतकी वाईट की तिथल्या माणसांचा मूड जातो), तिच्यावर ट्रान्सफॉर्मर लावून छोटे छोटे सर्किट वेगळे केले आणि रिफायनरीला २००० वॅटची स्वतंत्र वायर दिली. मग शांतता.

आपल्याकडे वीज गेली की आपण वरच बोट दाखवतो. त्याला कारणही आहे. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं, ते आपण पाहिलंय. ती टंचाई होती, वीज तयारच होत नव्हती. पण शेजारच्या दुकानात लाईट आहे आणि तुमच्यात नाही, तर प्रॉब्लेम बहुतेक तुमच्या भिंतीत आहे.

माझ्याच दुकानाचं घ्या. एका एक्स्टेंशन बोर्डावर झेरॉक्स मशीन, लॅमिनेशन आणि चहाची इलेक्ट्रिक किटली. गरम होताना झेरॉक्स साधारण १००० वॅट, लॅमिनेशन ४००, किटली १५००. झाले २९००. त्याला २३० व्होल्टने भागा, साडेबारा अँपियर. बोर्ड होता ६ अँपियरचा! फ्यूज सारखा उडायचा म्हणून मीच त्यात जाड तार घातली. फ्यूज उडायचा बंद झाला आणि एका दुपारी भिंतीतून जळका वास आला. वेळेत मेन स्विच पाडला म्हणून वाचलो, नाहीतर आत कागदाची रिमं होती.

फ्यूज किंवा एमसीबी असते ती वायर वाचवायला. ती पडते म्हणून मोठी बसवली आणि मागची वायर दीड एमएमचीच राहिली, तर तुम्ही वॉचमनला झोपेची गोळी दिली असं समजा. गेममध्ये जळलेली वायर माणसं येऊन दुरुस्त करतात. इथे तसं नाही. आणखी एक गोष्ट गेममध्ये नाही: खरी मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. म्हणून कागदावर बेरीज बसली तरी सगळ्या मशीन एकदम चालू करू नका. आणि एसीला, मोटरला वेगळं सर्किट, वेगळी एमसीबी. यावर मी अजिबात तडजोड करत नाही, कोणी कितीही म्हणो, 'सर, बाकी दुकानांत चालतंय की.'

काही जण म्हणतात, हे वायरमनचं काम आहे, आपण धंद्याचं बघावं. मला पटत नाही. वायरमन येतो तेव्हा मशीन आलेली असते. गाळा कोणता घ्यायचा, सिंगल फेजवर चालणारी छोटी मशीन घ्यायची की थ्री फेजची, हा निर्णय तुम्ही त्याच्या आधीच घेतलेला असतो आणि पैसे तिथेच अडकतात. वायरमनला बोलवा, पण गाळ्याचं डिपॉझिट द्यायच्या आधी.

आता माझ्याकडे रिपोर्ट करायला येणाऱ्याला मी दोन फोटो मागतो: गाळ्याच्या वीजबिलाचा, ज्यावर मंजूर भार छापलेला असतो, आणि मशीनच्या नेमप्लेटचा, ज्यावर एचपी किंवा वॅट आणि फेज लिहिलेलं असतं. ते आले नाहीत तर कोटेशन मी बघतच नाही. ताईंची मशीन आता चालू आहे. सीझन नाही म्हणून सध्या हळद आणि धने दळतायत.