आधी लाईन, मग प्रकल्प

धुळ्यात देवपूरच्या एखाद्या घराच्या गच्चीवर तीन किलोवॉटची सौर पॅनेल बसवायची तर फार खटपट लागत नाही, कारण महावितरणची तार आधीच दारात आलेली असते. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, 2013 पासून त्याच तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौरप्रकल्प चालतो. पण तिथली वीज ज्या शहरांना हवी ती शेकडो किलोमीटर दूर आहेत. सौरप्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो. उच्चदाबाच्या लाईनला सर्वेक्षण, वनखात्याची परवानगी आणि शेतकऱ्यांची संमती धरून चार-पाच वर्षे सहज जातात. तरीही आपल्याकडे प्रकल्पाचा अर्ज आला की मग त्याच्यापुरत्या लाईनचा विचार सुरू होतो. हा क्रम बदलला पाहिजे. ऊन आणि वारा कुठे आहे हे ठाऊक असलेल्या भागात लाईन आणि उपकेंद्रे आधी आखावीत, प्रकल्प त्यांच्यामागून यावेत. उशिराची किंमत काय असते ते राजस्थानने दाखवले आहे. तिथे तयार सौरप्रकल्पांना 2025 मध्ये भर दुपारी उत्पादन कमी करावे लागले, कारण वीज वाहून न्यायला पुरेशा लाईनच नव्हत्या.

आधी आखणी करणे आपल्याला जमत नाही असे मुळीच नाही. औरंगाबाद, धुळे आणि वडोदरा यांना जोडणाऱ्या 765 केव्हीच्या लाईन आणि धुळ्याचे 3000 एमव्हीए क्षमतेचे उपकेंद्र सुमारे दहा वर्षांपूर्वी उभे राहिले, तेही पश्चिम विभागाचे जाळे बळकट करण्याच्या आराखड्यातून. देशाचा इतका मोठा वीजमार्ग खान्देशातून जातो, तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या साक्री-शिंदखेड्याची वीज त्यापर्यंत नेण्याचाही असाच आराखडा हवा. केंद्राच्या हरित ऊर्जा कॉरिडॉरच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. जानेवारी 2022 मध्ये मंजूर झालेल्या 12,031 कोटींच्या दुसऱ्या टप्प्यातल्या सात राज्यांत मात्र तो नाही. म्हणजे ही जबाबदारी आता मुख्यतः राज्याची आणि महापारेषणची आहे.

रिकाम्या लाईनचा खर्च ग्राहकांनी का सोसायचा, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप रास्त आहे, कारण पारेषणाचा खर्च शेवटी वीजबिलातच येतो. पण अमेरिकेतल्या टेक्सासने 2008 मध्ये वाऱ्याचे पट्टे निश्चित केले आणि 2014 च्या सुरुवातीपर्यंत सुमारे 5,800 किलोमीटर लाईन टाकल्या. खर्च अंदाजापेक्षा बराच वाढून जवळपास 7 अब्ज डॉलरवर गेला, तरी पवनप्रकल्प आले आणि लाईन वापरात आल्या. खान्देशात तर एकच लाईन दोन कामांची आहे. पवनचक्क्यांचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर, तेव्हा ढगांमुळे सौरवीज घटते; उरलेल्या आठ महिन्यांत ऊन भरपूर असते. दोन्ही प्रकल्प एका उपकेंद्राला जोडले आणि दुपारची वीज संध्याकाळसाठी बॅटरीत साठवली, तर लाईन रिकामी राहण्याचे तास कमी होतील.

दुसरे म्हणणे असे की, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून गावोगावच्या उपकेंद्रांजवळ छोटे प्रकल्प होत आहेत, मग मोठ्या लाईन कशाला? ती योजना चांगली आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, रात्री मोटार चालू करायला शेतात जावे लागत नाही. पण पावसाळ्यात बहुतेक शेतीपंप बंद असतात आणि नेमकी तेव्हाच पवनवीज सर्वाधिक असते. ती नाशिक, पुणे, मुंबईकडे नेणे गावच्या 11 केव्हीच्या फीडरला झेपणारे नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप शेतकऱ्याचा आहे. 220 केव्हीच्या लाईनखाली 35 मीटर रुंदीचा पट्टा, म्हणजे किलोमीटरमागे साडेतीन हेक्टर, अडकतो. त्यात उंच झाडे लावता येत नाहीत, घर बांधता येत नाही. टॉवरच्या चार पायांमधली जागा ट्रॅक्टरने नांगरता येत नाही. नांगराच्या प्रत्येक तासाला वळसा घ्यावा लागतो आणि पायांभोवती तण माजते. 1885 च्या टेलिग्राफ कायद्यातल्या अधिकारांवर हे टॉवर उभे राहत आले. जमीन संपादित होत नाही, सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो आणि जमिनीचा भाव मात्र पडतो. केंद्राच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी टॉवरखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी 30 टक्के भरपाई सुचवली. ही सुधारणा मोठी आहे, पण पैसा एकदाच मिळतो आणि टॉवर दोन-तीन पिढ्या उभा राहतो.

मोबदल्याबाबतचा अविश्वास किती खोल जातो हे धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या तुटपुंज्या मोबदल्यापायी जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतरही एखाद्या गावाला लाईनचा मार्ग खांब रोवायला माणसे आल्यावरच कळत असेल, तर त्या गावाने काम अडवले म्हणून त्याला विकासविरोधी म्हणणे अन्यायाचे आहे. मार्गाचा नकाशा ग्रामसभेत आधी मांडला पाहिजे, विहिरी, पाइपलाइन आणि बागा त्यावर दिसल्या पाहिजेत आणि पर्यायी मार्गावर बोलायला वेळ मिळाला पाहिजे. सौर कृषी वाहिनीसाठी जमीन देणाऱ्याला राज्य हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडे देते आणि ते दरवर्षी 3 टक्के वाढते. टॉवर आणि तारांखालच्या जमिनीलाही एकरकमी भरपाईऐवजी जमिनीच्या वापरानुसार वार्षिक भाडे घेण्याचा पर्याय द्यावा, आणि राज्य वीज नियामक आयोगाने ते भाडे पारेषणाच्या खर्चात धरायला मान्यता द्यावी. त्यामुळे युनिटमागे थोडा भार वाढेल. देवपूरच्या आणि पुण्या-मुंबईच्या ग्राहकांनी तो उचलावा, कारण वीज त्यांच्या घरी जाते आणि टॉवर साक्रीच्या शेतात राहतो.