पाणी गाळून पितो, मग मोरीत थिनर कसे ओततो?



सुट्टी लागली आणि माळ्यावरून ह्यांच्या लहानपणचे प्लॅस्टिकचे विमान निघाले. वीतभर लांब, सुटे भाग चिकटवून काकांबरोबर केलेले. रंगाचे पोपडे निघाले होते. मुलाला ते नव्याने रंगवायचे होते. दुकानदार म्हणाला, "थिनर न्या, पाच मिनिटांत साफ." साफ झाले खरे. रंगाबरोबर एक पंखही मऊ पडून वाकला. उरलेले थिनर मी मोरीत ओतले.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या हो, खेळणेच ते. नवे आणा."

इथेच माझा वाद आहे. काकांच्या हातचे नवे कुठून आणायचे? आणि पाच मिनिटे वाचवण्याची एवढी घाई कशाला?

असे मॉडेल बहुधा पॉलिस्टायरिनचे असते. ॲसिटोन आणि थिनर ते विरघळवतात. छोट्या धातूच्या गाड्यांवर कॉस्टिक सोडा वापरा, असेही सांगणारे भेटतात. पण त्या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात आणि कॉस्टिक जस्त खातो, ॲल्युमिनियम तर त्याहून लवकर. हातालाही भाजतो.

सावकाशीची रीत अवघड नाही. औषध दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल झाकणाच्या काचेच्या बरणीत घ्या. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघा. प्लॅस्टिक ठीक राहिले तर मॉडेल काही तास बुडवा, मग जुन्या टूथब्रशने हळू घासा. ॲक्रिलिक रंग सुटतो. जुना एनॅमल चिवट असतो. नाही सुटला तर राहू द्या. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि हे काम गॅसजवळ मुळीच नको, ते चटकन पेटते. ती बरणी पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाही.

खेळणे फार जुने असेल तर त्याला हातच लावू नका, असे मी म्हणेन. पूर्वीच्या रंगांत शिसे असायचे. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारा नियम २०१६ साली आला. अशा रंगावर कोरडा पॉलिश पेपर घासला की धूळ उडते, ती श्वासातून आणि हातातोंडातून लेकरांच्या पोटात जाते. शिसे त्यांच्या मेंदूला इजा करते. "आमच्या वेळी काही झाले नाही" हे त्यावर उत्तर नव्हे.

आता मोरी. पाण्यातल्या जिवांसाठी आपण गाळणे बांधतो, जीवाणी परत पाण्यात सोडतो. आणि त्याच हाताने मी रंगाचे विष गटारात सोडले. ते पुढे नदीलाच मिळते. मग माझे गाळणे कुणासाठी होते?

आता बरणी झाकून ठेवते. गाळ खाली बसला की वरचे द्रव पुन्हा वापरते. गाळ घट्ट बंद करून घरगुती घातक कचऱ्यात देते. तो वेगळा द्यायचा, असे कचऱ्याचे नियमच सांगतात. तुमच्याकडे तो घेत नसतील तर नगरसेवकाला विचारा, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

विमान वाकल्या पंखाने शोकेसमध्ये आहे. मुलगा म्हणतो, "आई, फेकू या का?" मी म्हटले, नाही. माझी घाई मला रोज दिसू दे.