झाडांचा हिशेब सावलीत मांडा

उंच इमारतींवर झाडे लावणे म्हणजे काँक्रीटला हिरवा रंग फासणे, असा आक्षेप हल्ली सर्रास घेतला जातो. मुख्य मुद्दा कर्बाचा: मनोऱ्याच्या सिमेंट-पोलादापायी हवेत गेलेला कर्ब गच्चीवरची झाडे कशी भरून काढणार? नाहीच काढणार. तसे सांगून सदनिका विकणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. पण आक्षेपकांनी खोडली ती जाहिरात. मूळ विचाराला त्यांनी हातही लावलेला नाही.

तो विचार क्वालालंपूरजवळ, सुबांग जयामधल्या ‘मनारा मेसिनियागा’त दिसतो. वास्तुविशारद केन यांग यांनी रचलेली ही १५ मजली कचेरी १९९२ मध्ये पूर्ण झाली. विषुववृत्ताजवळ पूर्व-पश्चिमेचे तिरपे ऊन भिंती तापवते. म्हणून यांग यांनी लिफ्ट, जिने, स्वच्छतागृहे पूर्वेला नेली. सकाळचे ऊन ती अंगावर घेतात, आणि त्यांना उजेड-वाराही थेट बाहेरून मिळतो. पश्चिमेच्या खिडक्यांवर ॲल्युमिनियमच्या आडोशाच्या पट्ट्या आहेत, आणि झाडांच्या गच्च्या वळसे घेत वर चढतात. आधी ऊन, मग वारा, त्यानंतर झाड, हा क्रम महत्त्वाचा. पानातून पाण्याची वाफ होत राहते, त्यामुळे ते भिंतीसारखे तापत नाही. उघडी काच मात्र ऊन आत घेते, एसी ती उष्णता बाहेर फेकतो आणि रस्त्यावरचा माणूस ती सोसतो.

दुसरा आक्षेप निगेचा. दाखला चीनमधल्या चेंगडूच्या वसाहतीचा: २०२० मध्ये तिथे झाडे माजली, डास झाले. पण तिथली बहुतेक घरे रिकामी होती. राखणारे कोणी नसेल तर अंगणातली बागही माजते. मिलानच्या ‘बॉस्को वर्तिकाले’मध्ये झाडे घरमालकांच्या मर्जीवर सोडलेली नाहीत. निगा साऱ्या इमारतीची सामाईक, आणि छाटणी करणारे तज्ज्ञ दोराने खाली उतरतात. लिफ्टची देखभाल आपण खर्चात धरतोच, मग झाडांची का नाही?

मुंबईला हे परके नाही. कंबाला हिलवरच्या ‘कांचनजंगा’ मनोऱ्यात (१९८३) वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्यापुढे पेच होता: समुद्राचा वारा पश्चिमेचा, आणि दुपारचे ऊन, पावसाचा मारा हेही तिकडूनच. जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची युक्ती त्यांनी उंचावर नेली. कोपऱ्यांतल्या दुमजली उंचीच्या बागगच्च्या ऊन-पाऊस झेलतात आणि वारा घरात सोडतात.

ती घरे श्रीमंतांची, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मला बोचतो. पण इमारत वाऱ्याकडे वळवायला, दोन इमारतींत अंतर ठेवायला, खिडकीवर छज्जा काढायला श्रीमंती लागत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या कितीतरी इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. हवामानाचा विचार आधी त्या नकाशांवर व्हायला हवा, समुद्राकाठच्या मनोऱ्यांवर नंतर.